तांबेऱ्याचे साल : गव्हाचे पीक, हिवाळ्याची हवा आणि दुष्काळाचा इतिहास

१

महाराष्ट्रातील दुष्काळांचा इतिहास बहुतांशी अवर्षणाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरागत स्मृती, १६३०-३२ चा दुष्काळ, १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० ची भीषण वर्षे आणि १९७२ चा दुष्काळ या सर्वांच्या वर्णनात पाऊस न पडणे हेच आद्य कारण मानलेले आढळते. ते यथार्थही आहे. परंतु त्यामुळे आपल्या अभ्यासात एक उणीव राहिली आहे. पाऊस भरपूर झाला, विहिरी भरल्या, रान हिरवे झाले आणि तरीही शेतकऱ्याच्या खळ्यावर दाणा आला नाही, अशी वर्षे या देशाने अनेकदा पाहिली आहेत. ती दुष्काळांच्या यादीत क्वचितच येतात. गव्हावरील तांबेरा हा रोग अशा वर्षांचा प्रमुख कर्ता होय. या रोगाचा आणि हवेचा संबंध काय, तो संबंध कागदपत्रांत कसा हरवतो आणि त्यामुळे आपल्या इतिहासलेखनात कोणता दोष उत्पन्न होतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राचीन ग्रंथकारांनी राज्यावर येणाऱ्या संकटांना ‘ईति’ अशी संज्ञा दिली. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि शेजारचे राजे अशा सहा ईति सर्वपरिचित आहेत. या यादीत पिकाचा रोग नाही. उलट रोमन लोकांत तांबेऱ्याची स्वतंत्र देवता होती व २५ एप्रिल रोजी तिचा शांत्यर्थ उत्सव होत असे. आपल्याकडे शेतकऱ्याला हा रोग ठाऊक नव्हता, असा याचा अर्थ नाही. ‘तांबेरा’ आणि विदर्भाकडील ‘गेरवा’ ही नावेच त्याच्या निरीक्षणाची साक्ष देतात. पानांवर व काडीवर तांब्याच्या किंवा गेरूच्या रंगाची भुकटी दिसते, यावरून ती पडली आहेत. शेतकऱ्याला जे ठाऊक होते ते राज्यकर्त्याच्या गणनेत आले नाही, हा या विषयाचा पहिला धडा होय.

२

गव्हाच्या हंगामाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपला गहू ‘वसंत गहू’ या वर्गात मोडतो. थंड देशांत तो वसंतात पेरतात. आपल्याकडे तो आश्विन-कार्तिकात पेरला जातो व माघ-फाल्गुनात कापणीस येतो. दख्खनच्या व विदर्भाच्या काळ्या जमिनीत कोरडवाहू गव्हाला पेरणीनंतर पाऊस मिळाला नाही तरी चालते. हस्त-चित्रा नक्षत्रांच्या पावसाची जी ओल जमिनीत मुरलेली असते तिच्यावर आणि हिवाळ्यातील गारव्यावर ते पीक पोसले जाते. म्हणून त्याचे शत्रूही तीन प्रकारचे आहेत. हस्ताचा पाऊस चुकला तर पेरा होत नाही. ओंबी भरण्याच्या वेळी, म्हणजे माघात, अकाली ऊन तापले तर दाणा सुरकुततो. आणि पौष-माघात आभाळ दाटून राहिले, पावसाच्या सरी आल्या, सकाळी धुई व दव पडू लागले, तर तांबेरा येतो.

या तिसऱ्या शत्रूची रीत निराळी आहे. तांबेरा ही एक प्रकारची बुरशी असून तिचे बीजकण वाऱ्यावर वाहतात. पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकला की बीजकण रुजतो आणि पर्णरंध्रांतून आत शिरतो. हवा अनुकूल असेल तर आठ-दहा दिवसांत तेथे नवा फोड येतो व त्यातून हजारो बीजकण बाहेर पडतात. एका हंगामात अशी अनेक आवर्तने होतात. गव्हावर तीन तांबेरे पडतात : खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि पिवळा. पिवळ्याला बरीच थंडी लागते, म्हणून तो मुख्यतः उत्तरेकडचा. काळ्याला ऊब आणि ओल दोन्ही हवीत. महाराष्ट्र व मध्य भारत यांचे जे मोठे नुकसान झाले ते प्रामुख्याने या काळ्या तांबेऱ्याने होय.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नुकसान किती होणार हे रोग कोणत्या दिवशी येतो यावर अवलंबून असते. ओंबी भरून झाल्यावर आलेला तांबेरा फारसे बिघडवीत नाही. फुलोऱ्याच्या आधी आलेला सर्वस्व नेतो. लवकर पेरलेला व लवकर पिकणारा गहू यामुळेच पुष्कळदा वाचतो. दुसरी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाची आहे. रोग पडलेले पीक बरेच दिवस उभे दिसते. काडी वाढते, ओंब्याही येतात. परंतु अन्नरस बुरशीने शोषल्यामुळे दाणा पोकळ व हलका राहतो. अवर्षणाने गेलेले शेत दुरून दिसते. तांबेऱ्याने गेलेले शेत पुष्कळदा खळ्यावर, मापाच्या वेळी कळते.

३

या रोगाचे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत सजीव वर्णन नर्मदेच्या खोऱ्यातून मिळते. हा मुलूख १८१८ पर्यंत नागपूरकर भोसले व पेशवे यांच्या अमलाखाली होता. त्यानंतर तेथे अधिकारी म्हणून राहिलेल्या विल्यम स्लीमनने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवास-आठवणींत १८२७ च्या व त्यानंतरच्या हंगामांचा वृत्तांत दिला आहे. वीस मैल लांब व दहा मैल रुंद पसरलेला गव्हाचा सलग पट्टा असा नष्ट झाला की चारांतील एक शेतही कापण्याचा खर्च लोकांना परवडेना, असे तो सांगतो. जबलपूर जिल्ह्यात त्या साली हाती आलेला गहू पेरलेल्या बियाण्याइतकाही नसावा, असा त्याचा अंदाज आहे. अंदाज अधिकाऱ्याचा आहे, मोजणीचा नव्हे. तरीही त्यातील बियाण्याचा उल्लेख अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावा.

त्याचे कारण असे. गव्हाला बी पुष्कळ लागते आणि ते साठवणे सर्वांना शक्य नसते. ते सावकाराकडून सवाईने किंवा वाढीदिढीने घ्यावे लागे, म्हणजे हंगामाअखेर सव्वापट अथवा दीडपट धान्य परत करावे लागे. अवर्षणाच्या वर्षी पेराच होत नाही, म्हणून निदान बी तरी वाचते. तांबेऱ्याच्या वर्षी मात्र नांगरट, पेरणी, राखण असा सर्व खर्च होऊन जातो, बी जमिनीत जाते आणि कर्ज उभे राहते. पुढच्या आश्विनात शेतकरी दुसऱ्यांदा त्याच दारी उभा असतो. अवर्षणाने शेतकऱ्याचे अन्न जाते. तांबेऱ्याने त्याची पत जाते, आणि एकदा गेलेली पत पुढच्या पावसाने परत येत नाही.

४

याचा प्रत्यय १८९३ ते १९०० या काळात मध्यप्रांतात आला. त्या वेळच्या मध्यप्रांतात नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे मराठी जिल्हे समाविष्ट होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर-कलकत्ता हा मार्ग जोडला गेला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला व १८७३ मध्ये गव्हावरील निर्यातजकात उठली. परिणामी नर्मदेच्या खोऱ्यातील व नागपूर-वर्ध्याकडील गहू भुसावळ, इगतपुरी व कल्याणवरून मुलुंड-घाटकोपरच्या भातखाचरांजवळून मुंबई बंदरात येऊ लागला. गव्हाला रोख दाम मिळू लागला, तसा पेरा वाढला, जमिनीची किंमत वाढली आणि सावकाराचे कर्जही सुलभ झाले. या चढत्या काळाचा हिशेब धरून नवे जमाबंदीचे दर ठरविण्यात आले.

त्यानंतर १८९३-९४, १८९४-९५ व १८९५-९६ या लागोपाठच्या तीन हंगामांत हिवाळ्यात अकाली पाऊस झाला आणि प्रांताच्या गव्हाळ भागांत, विशेषतः उत्तरेकडील जिल्ह्यांत, तांबेऱ्याने पीक बुडाले. १८९६ मध्ये पावसाळा लवकर आटोपला आणि १८९७ चा दुष्काळ पडला. १८९९ मध्ये पाऊस जवळजवळ पूर्णपणे चुकला. १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या १८९१ च्या मानाने कमी भरली.

सरकारी अहवालांची व त्यांच्यावर आधारलेल्या ग्रंथांची प्रवृत्ती ही कथा १८९६ पासून सुरू करण्याची असते. परंतु १८९६ चे अवर्षण ज्या शेतकऱ्यावर आले तो आधीच तीन वर्षे खचलेला होता. त्याचे बी गेले होते, बैल विकले गेले होते आणि सागर-दमोहकडे पडीक पडलेल्या गव्हाळ जमिनीत कांस माजले होते. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यास लिहिलेल्या अनावृत पत्रांत मध्यप्रांताच्या वाढलेल्या शेतसाऱ्याचा प्रश्न आग्रहाने मांडला. सरकारपक्षाने निसर्गाकडे बोट दाखविले. वस्तुतः दोन्ही पक्षांच्या म्हणण्याला जोडणारा दुवा या तीन ओल्या हिवाळ्यांत आहे. चढ्या भावावर बसविलेला सारा रोगट पिकावर वसूल होऊ लागला, तेव्हा अवर्षणाच्या आधीच दुष्काळाची तयारी झाली होती.

नागपूर-वर्ध्याच्या शेतीवर याचा चिरस्थायी परिणाम झाला. पुढच्या काळात तेथील गव्हाचे क्षेत्र घटून कापूस व ज्वारी यांचा पेरा वाढला. याचे श्रेय सामान्यतः कापसाच्या भावाला दिले जाते. भावाचे आकर्षण खरे. तथापि हिवाळ्यातील दव व ढग ज्यांना तितकेसे मारक नाहीत अशा पिकांकडे शेतकरी वळला, हेही त्याच्या निवडीचे एक कारण मानले पाहिजे.

५

येथे असा आक्षेप घेता येईल की, महाराष्ट्राचे मुख्य अन्न ज्वारी, बाजरी व भात हे असून गहू हे अल्प क्षेत्रातील पीक आहे. त्याच्या रोगाला इतके महत्त्व का द्यावे? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. ज्वारी घरात खाल्ली जाई आणि गहू विकला जाई. सारा व सावकार यांची देणी ज्या पिकातून भागत त्यांत गव्हाळ भागांत गहू प्रमुख होता. त्यामुळे गहू बुडाल्यावर लोक तत्काळ उपाशी मरत नसत; ते ऋणात जात.

मग सरकारी दप्तरात हे नुकसान का उमटले नाही? मुंबई इलाख्यात सारा तहकूब करण्याचा आधार आणेवारी हा होता. पीक चार आण्यांहून कमी ठरले तर त्या वर्षाची वसुली तहकूब होई. आणेवारी ठरे ती उभ्या पिकाच्या नजरपाहणीने. ज्या पिकाचा दोष दाण्याच्या वजनात आहे त्याला ही पद्धत न्याय देणे कठीण होते. शिवाय ज्या वर्षी पाऊस सरासरीहून अधिक पडला त्या वर्षी पीक बुडाले असेल, हे अधिकाऱ्याला सहज पटत नसे. १९१७ च्या अतिवृष्टीनंतर खेडा जिल्ह्यात जो वाद माजला, ज्याच्या चौकशीसाठी भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी व अ. वि. ठक्कर गेले आणि ज्यातून १९१८ चा सत्याग्रह उद्भवला, तो मुळात आणेवारीचाच वाद होता. तेथील प्रश्न तांबेऱ्याचा नव्हता. परंतु ओल्या वर्षाचे नुकसान दप्तराला पटविणे किती अवघड असते, याचे ते बोलके उदाहरण आहे.

हवामानाच्या नोंदींतही हाच दोष आढळतो. पर्जन्यमापक पाऊस मोजतो. दव, धुके व ढगाळ दिवस तो मोजत नाही. तालुक्याच्या कचेरीत पावसाचे इंच जपून ठेवलेले असतात; माघातील पंधरा ढगाळ सकाळी कोठेच नोंदलेल्या नसतात. पुण्याच्या वेधशाळेत १९३२ मध्ये कृषिहवामानाची शाखा निघाल्यावर या अंगाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्यापूर्वीच्या शतकाविषयी अभ्यासकाला आडमार्गानेच जावे लागते.

६

शास्त्रज्ञांनी या कोड्याची उकल कशी केली, हे पाहणे बोधप्रद आहे. १७६७ मध्ये इटलीतील फोंताना याने तांबेरा हा सजीव परोपजीवी असल्याचे दाखविले. १८६५ मध्ये जर्मनीत डी बारी याने काळ्या तांबेऱ्याचा काही काळ बार्बेरी या झुडपावर जातो हे सिद्ध केले. भारतात बटलर व हेमन यांचा गव्हाच्या तांबेऱ्यावरील प्रबंध १९०६ मध्ये निघाला. त्याला हवामान व तांबेरा यांच्या संबंधावर एक टिपण जोडलेले आहे. त्याचे लेखक डब्ल्यू. एच. मोरलँड होत. पुढे अकबरकालीन भारतावर व मुस्लिम अमदानीतील जमीनव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे तेच हे इतिहासकार. आपल्या विद्याशाखेच्या एका आद्य अभ्यासकाने पिकाचा रोग व हवा यांचा विचार प्रथम केला होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये.

मुख्य प्रश्न असा होता : उन्हाळ्यातील प्रखर उष्णतेत मैदानी प्रदेशातले बीजकण मरतात, मग दर हिवाळ्यात रोग येतो कोठून? आग्रा कॉलेजातील प्रा. करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने याचे उत्तर दिले. भारतात बार्बेरीचे महत्त्व नगण्य आहे. उत्तरेस हिमालयात व दक्षिणेस निलगिरी-पळणीच्या डोंगरांत थंड हवेमुळे गहू व रोग दोन्ही उन्हाळ्यात टिकतात आणि तेथून वाऱ्याबरोबर दरसाल मैदानात उतरतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. १९७० नंतरच्या दशकात एस. नागराजन व त्यांचे सहकारी यांनी त्यात मोलाची भर घातली. नोव्हेंबरच्या सुमारास दक्षिणेकडील समुद्रांत उठणारी वादळे निलगिरीवरील बीजकण उत्तरेकडे वाहून नेतात व मध्य भारतावर पावसाबरोबर खाली आणतात, असे त्यांनी दाखविले. या वाटेला रोगकारक बुरशीच्या नावावरून ‘पक्सिनिया-मार्ग’ असे नाव पडले. नागपूरच्या शेतातील रोगाचे मूळ शेकडो कोस दूर असलेल्या डोंगरात आणि समुद्रावरील वादळात असू शकते, हे यावरून सिद्ध झाले. ज्याला पूर्वी शेतकऱ्याचे पाप अथवा आळस म्हटले गेले त्याचा उगम त्याच्या बांधापलीकडे, किंबहुना त्याच्या प्रांतापलीकडे होता.

यात महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. दख्खनमध्ये परंपरेने पिकणारा खपली गहू काळ्या तांबेऱ्याला चांगला तोंड देतो. स्टॅकमन व लेव्हिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तांबेऱ्याचे पोटभेद ओळखण्यासाठी १९२२ च्या सुमारास १२ गव्हांचा जो संच ठरविला त्यात ‘खपली’ याच मराठी नावाने हा गहू समाविष्ट आहे. प्रतिकाराचे काही गुणघटक पुढे खपलीतूनच इतर गव्हांत आणले गेले. १९३२ मध्ये नाशिक जिल्ह्यात निफाड येथे गहू संशोधन केंद्र निघाले. निफाडचा गहू व केनियातील रोगप्रतिकारक गहू यांच्या संकरातून झालेल्या वाणांना दोन्ही स्थळांच्या नावांवरून ‘केनफाड’ हे नाव मिळाले. महाबळेश्वरच्या थंड हवेतही तांबेऱ्याच्या संशोधनाचे केंद्र चालविण्यात आले.

७

१९४६-४७ च्या हंगामात मध्यप्रांत, विदर्भ व लगतच्या मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची जी साथ आली तिच्यात सुमारे २० लाख टन गहू बुडाल्याचा अंदाज नमूद आहे. तिची वेळ अत्यंत वाईट होती. मुंबईत २ मे १९४३ पासून शिधावाटप सुरू होते. १९४६ मध्ये देशात रोजचा मूळ शिधा १२ औंसांवर आणावा लागला होता. त्यानंतर ही साथ आली आणि पाठोपाठ फाळणीने पंजाबच्या कालव्यांखालील गव्हाचा मोठा मुलूख भारताबाहेर गेला. साष्टीतील अंधेरी-बोरिवलीच्या भातखाऊ वस्तीचा विदर्भातील हिवाळ्याशी एरवी काय संबंध? शिध्याच्या दुकानाने तो संबंध जोडला. तथापि १९४७ च्या टंचाईच्या वर्णनांत युद्ध, नियंत्रणे, काळाबाजार व फाळणी यांना जितकी जागा मिळते तिच्या मानाने या रोगाला फारच थोडी मिळते.

येथे बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची तुलना उपयुक्त आहे. १९४२ च्या हंगामात भातावरील तपकिरी ठिपक्यांच्या रोगाने फार मोठे नुकसान केले, असे एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये प्रतिपादिले. १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी धान्याच्या तुटीपेक्षा ते मिळविण्याच्या सामर्थ्याचा नाश निर्णायक होता, असा सिद्धान्त मांडला. हे दोन विचार परस्परांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, रोग हा स्वतःच ते सामर्थ्य हिरावून घेणारा एक कर्ता आहे. बी, बैल व पत यांच्या नाशातून तो पुढील वर्षाच्या दुष्काळाचा रस्ता तयार करतो. रोगाने दुष्काळ पडतो असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच सारा आणि बाजार यांचा विचार करताना रोग वगळणेही अपुरे होय.

संशोधकांनी या दृष्टीने काय करावे? जिल्हावार हंगाम-अहवालांतील पावसाचे आकडे पाहून चांगली व वाईट वर्षे ठरविण्याची रीत सोडली पाहिजे. ज्या वर्षी पाऊस सरासरीइतका किंवा अधिक असून गव्हाचा भाव चैत्रात चढला, तगाईच्या मागण्या वाढल्या, गहाणखते अधिक झाली किंवा पुढील वर्षी गव्हाचा पेरा एकाएकी घटला, ती वर्षे वेगळी काढावीत. त्यांच्या आधीच्या नोव्हेंबरात दक्षिणेकडे वादळ झाले होते काय, हे हवामानखात्याच्या नोंदींत पडताळावे. गावोगावच्या वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी जी गेरव्याची साले आहेत ती लिहून घ्यावीत. हे साधन दिवसेंदिवस नष्ट होत आहे.

१९६७ नंतर नवे वाण आले आणि काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ मध्य भारतात पुन्हा आली नाही. परंतु बुरशीही आपले रूप बदलीत असते. १९९९ च्या सुमारास युगांडात आढळलेल्या नव्या पोटभेदाने जगातील बहुसंख्य गव्हांचा प्रतिकार निष्प्रभ ठरविला, तेव्हा उपयोगी पडू शकणाऱ्या मोजक्या गुणघटकांत खपलीतून आलेला एक होता. दुष्काळ आभाळ कोरडे असतानाच येतो, हा समज शेतकऱ्याने कधीच धरला नव्हता. माघात आभाळ भरून आले की तो शेताकडे काळजीनेच पाहत असे. त्या काळजीला दप्तरात जागा मिळाली नाही. निदान इतिहासात तरी ती मिळाली पाहिजे.